डॉक्टरांची एकहाती गाडी

महाराष्ट्रात विकायला निघालेली जुनी गाडी बहुतेक वेळा डॉक्टरांची असते. डॉक्टर ती फक्त घर ते दवाखाना एवढीच चालवतात, दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसतात आणि मीटरवर चाळीस हजार किलोमीटर भरले की एकाएकी विरक्ती येऊन विकायला काढतात. डॉक्टर नसले तर निवृत्त अधिकारी असतात, तेही नसले तर ‘मॅडम’. या राज्यात वर्षानुवर्षं वडापं चालली, प्रचाराच्या गाड्या फिरल्या, असंख्य पोरं मित्राच्या गाडीवर क्लच सोडायला शिकली. त्यांतली एकही गाडी कधी बाजारात येत नाही, हे कोडं मात्र अजून कुणाला सुटलेलं नाही.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध छापून आणला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. कुणाला तर विषयच क्षुल्लक वाटला. मुद्दा साधा होता. गाडीचे खरे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा बेताचीच किंमत देतो. तेवढ्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात उरतो तो गाळ. याच विचारासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परत पाठवणाऱ्या संपादकांना पुण्यातल्या एखाद्या गाडीबाजारात अर्धा तास उभं केलं असतं, तर अकेरलॉफ यांची पायपीट वाचली असती.

या अज्ञानावर मराठी घरात एक उपाय आहे. त्याला मामा म्हणतात. पहिल्यांदा गाडी घेणारा भाचा त्यांना सोबत नेतो, कारण मामांना ‘गाडीतलं कळतं’. कळतं म्हणजे काय, तर मामा टायरला लाथ मारतात, दार जोरात लावून आवाज ऐकतात, बॉनेट उघडायला सांगतात आणि आत गंभीरपणे पाहतात. मग हॉर्न वाजतो, एसी लागतो, ‘किती देते?’ हा प्रश्न होतो. विकणारा सांगतो तो आकडा कंपनीच्या जाहिरातीपेक्षाही मोठा असतो. मामा मान डोलवतात आणि वीस हजार कमी करायला सांगतात. खाली वाकून मॅटखाली पाहायचं मात्र राहून जातं. मामांची कंबर धरलेली असते.

तेवढ्या वेळात टायर बरंच काही बोलून गेलेला असतो. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर अठ्ठावीस हजारांवर आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, असं असेल तर डॉक्टरांना टायर बदलायचा छंद होता असं तरी मानावं लागेल, नाही तर मीटर मागे फिरवलेलं आहे. आताची मीटरं इलेक्ट्रॉनिक असल्याने त्यासाठी पाना-स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही, लॅपटॉप पुरतो. पण ब्रेक-क्लचच्या पेडलची झिजलेली रबरं आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग लॅपटॉपला जुमानत नाहीत. अधिकृत सर्व्हिस सेंटरची जुनी बिलंही जुमानत नाहीत. बॉनेट हाताला गरम लागलं, तर इंजिन सकाळी एकदा चालवून ठेवलेलं आहे असं समजावं. थंड इंजिन सुरू होताना कसं कुरकुरतं हे पाहुण्यांना ऐकू जाऊ नये, एवढीच त्यामागची सदिच्छा.

पुराच्या गाडीचं प्रकरण याहून रंगतदार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ मध्ये चिपळूण. पाणी ओसरलं, माणसं सावरली, गाड्यांचं काय झालं? दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते आणि सांगाडा विकून टाकते. तो कुणीतरी घेतो, वाळवतो, सीट कव्हर घालतो, अत्तर मारतो, आणि पुराच्या गावापासून चारशे किलोमीटरवर ती पुन्हा डॉक्टरांची होते. अशा गाडीत अत्तर जरा जास्तच दरवळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला तर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज असतो. बेल्ट इतका लांब ओढणारा भाचा विकणाऱ्याला अर्थातच असंस्कृत वाटतो.

तरी लोखंड बरं, खरी मौज कागदात आहे. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा, तर ‘विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतो. ‘परिवहन’च्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की डॉक्टरांच्या एकहाती गाडीपुढे मालक क्रमांक तीन दिसतो, बँकेचा बोजा दिसतो आणि थकलेली चलनं दिसतात. बोजा उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. ‘तो आपला माणूस करून देईल’ असं विकणारा सांगतो. आपला म्हणजे नेमका कुणाचा, हे पैसे दिल्यानंतर कळतं.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० चा तर वेगळाच लौकिक. मालक त्यांवर सह्या करतो, बाकी रकाने कोरे ठेवतो आणि मोकळा होतो. ते कोरे कागद एजंटाच्या ड्रॉवरमध्ये पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहतात. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे आणखी काही हातांत फिरली. २००९ मध्ये ती रिव्हर्स घेताना अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. नोंदणीत नाव अजून पहिल्याचंच होतं. २०१८ मध्ये निकाल आला: नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याने द्यायची.

घेणाऱ्यालाही गाफील राहण्याची सोय नाही. गाडीबरोबर आपोआप येतं ते फक्त थर्ड पार्टी विम्याचं कवच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा १४ दिवसांत अर्ज करून आपल्या नावावर घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस विकणारा सोबत घेऊन जातो. नव्या मालकाला हे सगळं सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी घासल्यावर समजतं.

दिल्लीची डिझेल गाडी हे आणखी एक आमिष. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाडीवर बंदीची टांगती तलवार आली, म्हणून ती स्वस्त. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, इथला नंबर आणि दोन आरटीओंची मनधरणी यांचा हिशेब मांडला की स्वस्ताई दिल्लीतच राहिलेली असते. त्याहून स्वस्त गाडी फक्त फोनवरच्या ‘फौजी’कडे मिळते. त्याची बदली झालेली असते, गाडी लष्करी तळावर असते आणि आगाऊ रक्कम भरली की घरपोच येणार असते. गाडी कधीच येत नाही. फोटो मात्र फार छान असतात.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम काढले. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत: डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, ताब्यातल्या गाडीची जबाबदारी स्वतःची मानायची, गाडी कुठे, कशासाठी फिरली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची. हे अधिकारपत्र पाहायला मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी चहा मिळतो.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र सारा देश जुन्या गाडीविषयी एकदम जागा झाला. जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या व्यापारावर १८ टक्के कर ठरवला. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही फक्त त्याच्या नफ्यावर. माणसाने माणसाला गाडी विकली तर काहीच नाही. पण बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर फरकाच्या तीन लाखांवर कर भरावा लागणार, असा हिशेब घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. तोट्यावर कर लावणाऱ्या सरकारचा कडाडून निषेध झाला. गाडी घेऊन वर्ष उलटलं तरी आरसी अजून एजंटाकडून यायची होती, अशी मंडळी त्यात सर्वांत पुढे होती.