पोटाचे पॉइंट: नवशिक्या रुग्णांसाठी मार्गदर्शिका

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असं आतड्याच्या सुजेचं निदान हाती पडलं की पहिले काही दिवस रडण्यात आणि गूगल करण्यात जातात. (आपल्याकडे क्रोन्सच्या कित्येक रुग्णांचे त्याआधीचे काही महिने टीबीच्या गोळ्या खाण्यात गेलेले असतात, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही चटकन वेगळे ओळखू येत नाहीत.) मग घरातला एखादा पुतण्या तुमचा फोन हातात घेतो आणि म्हणतो, "काकू, याचं ॲप आहे. पॉइंट मिळतात." इथून तुमचं शिक्षण सुरू.

आधी अवतार निवडा. गुलाबी, हसरं, हातपाय फुटलेलं मोठं आतडं समोर येईल. स्वतःच्या आतड्याचे फोटो तुम्ही रिपोर्टात पाहिलेत, त्यात ते हसत नव्हतं. तरी निवडा, त्याशिवाय 'पुढे' हे बटण दाबलंच जात नाही. नाव मात्र खरं टाकू नका. ॲपमध्ये क्रमवारी असते आणि 'या आठवड्यात पोटाने पुण्यात पहिली' हा मान सासरी सांगण्यासारखा नाही.

मग रोजची नोंद. इथे ब्रिस्टल तक्ता भेटतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या दोघा डॉक्टरांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला: शौचाचे ७ प्रकार, सुट्या कठीण खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत, त्यात तिसरा आणि चौथा उत्तम. "पोट साफ झालं का?" हे मराठी घरात आजी रोज सकाळी फुकट विचारत आली. ॲपने त्याला आकडा आणि टाळ्या जोडल्या. टाळ्यांचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. संडासातून टाळ्या ऐकू आल्या की बाहेर रांगेतली माणसं गप्प होतात. शीचा खेळ करण्याच्या या प्रकाराचा मूळपुरुष जपानी आहे. १९९६ साली तिथे निघालेल्या तामागोची या खेळण्यात पडद्यावरच्या पिल्लाची शी वेळच्या वेळी साफ करावी लागे, नाहीतर ते आजारी पडे. आता पिल्लू तुम्हीच.

नवशिक्या घसरतो तो यानंतर. चौथ्या प्रकाराला तारा मिळतो, सलग चांगल्या दिवसांची साखळी वाढते, हसरं आतडं टोपी घालतं. मग एका पहाटे मुरडा येतो, रक्त पडतं आणि बोट सातव्या चित्राकडे जाता जाता पाचव्यावर टेकतं. "तसं अगदीच पाणी नव्हतं," असं स्वतःलाच सांगून साखळी वाचवली जाते. आलेख सुरेख, आणि आठवड्याने हाताला सलाइन. माझं स्पष्ट मत आहे की वाईट दिवसाच्या खऱ्या नोंदीला सगळ्यांत जास्त पॉइंट हवेत. बनवणाऱ्यांना तसं का सुचत नाही, याचं उत्तर सोपं आहे: पहाटे ४ला संडासात बसलेल्या बाईला फोनमधून फुगे सोडणं जरा विचित्रच दिसेल.

बक्षिसांवर टीका करणारे लोक १९७३ सालचा एक अमेरिकी प्रयोग पुढे करतात. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढण्याबद्दल प्रमाणपत्र कबूल केलं, ती पुढे आपणहून चित्रं कमी काढू लागली. खरं आहे. पण चित्रं काढायला मुलांना मुळात आवडत होतं. कोलायटिसवरच्या मेसालामाइनच्या ठोकळ्याएवढ्या गोळीवर कोणाचं प्रेम आहे, जे आटेल? तेव्हा गोळीसाठी तारा बिनधास्त घ्या, आणि बरं वाटत असताना तर नक्कीच, कारण गोळ्या सुटतात त्या तेव्हाच. आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. नेमाने गोळ्या घेणाऱ्यांत आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के निघाली, चुकवणाऱ्यांत ३९. एनिमाला मात्र गोळीइतकेच पॉइंट देतात, हा अन्याय आहे. रात्री डाव्या कुशीवर पडून तो ज्याने घेतलाय, त्याला विचारा.

आहाराच्या पानावर वेळ घालवू नका. तिथे किन्वा आहे, थालीपीठ नाही. 'पॅनकेक' लिहून मोकळे व्हा. 'आज बाहेर पडा!' हे आव्हान लिहिणाऱ्याला मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो हे ठाऊक नाही, तेही सोडा.

आतली सूज ॲपला दिसत नाही. ती मोजायची तर शौचाचा नमुना डबीत घेऊन, डबी पिशवीत आणि पिशवी मांडीवर ठेवून रिक्षाने लॅबमध्ये न्यावा लागतो. तिथे कॅलप्रोटेक्टिन तपासतात. पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन आतड्याला सूज असली की शौचात वाढतं, कधी पोट गप्प असतानाही. आजारपणातलं सगळ्यांत धाडसी काम हे, आणि त्याला पॉइंट शून्य.

मग ॲप खरंच कामाला येतं का? नेदरलँड्समध्ये 'मायआयबीडीकोच' नावाची ऑनलाइन नोंदीची व्यवस्था ९०९ रुग्णांवर वर्षभर तपासली, निष्कर्ष २०१७ साली आले. ती वापरणाऱ्यांच्या ओपीडीच्या फेऱ्या आणि इस्पितळात भरती होणं, दोन्ही कमी झालं. तिथे महिन्याला प्रश्नावली भरायची, त्रास वाढला तर आठवड्याला, आणि उत्तरं बिघडली की पलीकडे इस्पितळातल्या माणसांना इशारा जाई. तुमचं ॲप निवडताना एवढंच पाहा, पलीकडे कोणी आहे का. बहुधा टोपीवालं आतडंच असेल.

तसं असेल तर ओपीडीत जाताना तयारीने जा. डॉक्टर तारे विचारत नाहीत. "रक्त पडतं का? रात्री झोपेतून उठावं लागतं का?" असं विचारतात. दोन्ही उत्तरं ॲपमध्ये तारखेसह असतात, फक्त अहवाल काढायला पैसे भरावे लागतात. आदल्या रात्री स्क्रीनशॉट काढून ठेवा.