निजेला अंगठी

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं सुनावून आमच्या आजीने आयुष्यभर कुणाची उशीबद्दलची तक्रार ऐकून घेतली नाही. गेल्या धोंड्याच्या महिन्यात मात्र या म्हणीत दुरुस्ती करायची वेळ आली.

रीतीप्रमाणे जावईबापूंना तेहेतीस अनारसे, चांदीचं निरांजन आणि सोन्याची अंगठी दिली. सोन्याचा भाव ऐकल्यापासून माझी झोप उडालेलीच होती. जावई आयटीतले आणि मनाने दिलदार. त्यांनी उलट मलाच अंगठी घातली. टायटॅनियमची, आतल्या बाजूला मिणमिणता हिरवा दिवा असलेली. ‘‘बाबा, ही तुमची झोप मोजेल,’’ ते म्हणाले. किंमत विचारली. पंचवीस हजार. त्या रात्री उरलीसुरली झोपही गेली आणि अंगठीने ती इमानेइतबारे नोंदवली.

अंगठीचं काम तसं साधं. कातडीत प्रकाश सोडायचा, परत किती येतो त्यावरून नाडी ओळखायची, अंगाची हालचाल आणि उष्णता टिपायची आणि या तीन साक्षीदारांच्या जबानीवरून रात्रभर मेंदूत काय चाललं होतं त्याचा पंचनामा लिहायचा. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भिरभिरण्याची अवस्था, म्हणजे रेम झोप, जगापुढे मांडली ती झोपलेल्यांच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून. आजही निद्रा प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांपाशी आणि हनुवटीला तारा लावतात. अंगठी मेंदूच्या जवळपासही फिरकत नाही. चाळीत शेजारच्या खोलीतलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं, तसा तिचा प्रकार. बरंचसं कळतं, फक्त लाटणं आधी कुणी उचललं ते कळत नाही.

जागा माणूस निपचित पडला की त्याला झोपलेला समजायचं, ही या यंत्रांची जुनी खोड. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जात असताना माझ्या नावावर पंचेचाळीस मिनिटांची ‘हलकी झोप’ जमा झाली. मी जागा होतो, शपथेवर सांगतो. पण अंगठीला दोष देणार नाही. जमाखर्च एकमताने मंजूर झाला, त्या अर्थी बाकीच्यांच्या अंगठ्यांनीही तेच सांगितलं असतं.

खरी गंमत सकाळी. पूर्वी कुणी ‘‘झोप झाली का?’’ विचारलं तर उत्तर आपल्याला ठाऊक असायचं. आता मी ‘‘थांबा, बघून सांगतो’’ म्हणतो आणि चष्मा शोधतो. परवा चांगला ताजातवाना उठलो, फोन उघडला तर शंभरात बासष्ट! लगेच डोळे चुरचुरायला लागले, खांदे पडले. बायको बिनअंगठीची, ओट्याशी उभी. ‘‘तुला किती?’’ मी विचारलं. ‘‘दोन चमचे,’’ ती म्हणाली आणि माझ्यापुढे साखरेचा डबा सरकवला.

हा माझा एकट्याचा वेडेपणा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजमधला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तारा चिकटवून आकडे काढल्याचं नाटक करून काहींना सांगितलं, तुमची रेम झोप उत्तम झाली. काहींना सांगितलं, कमी पडली. आकडे खोटेच होते. पण ज्यांना ‘कमी पडली’ म्हटलं, ते बुद्धीच्या चाचणीत मागे पडले. पुढे २०१७ साली केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी या नादाला नावही दिलं : ऑर्थोसोम्निया. म्हणजे आकड्यांत झोप चांगली दिसावी, या ध्यासाने झोपेचं खोबरं होणं. आमच्या आजीला हा रोग होणं शक्यच नव्हतं. तिच्या धोंड्याला स्क्रीन नव्हता.

आता न्यायाने बोलायचं तर या यंत्रांचा उपयोगही आहे. घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडकतो, ते त्याला स्वतःला कळत नाही. बायकोला कळतं, पण तिचं ऐकतो कोण? २०२४ साली अमेरिकेच्या एफडीएने अ‍ॅपलच्या घड्याळाला असा इशारा देण्याची परवानगी दिली. घरोघरच्या बायका हाच इशारा कोपराने ढोसून वर्षानुवर्षं देत आहेत, त्यांना मात्र कुठल्याही सरकारने मान्यता दिलेली नाही. असा इशारा आला, घड्याळाचा असो की कोपराचा, तर डॉक्टरकडे जावं हे उत्तम.

माझी तक्रार वेगळीच आहे. अंगठी रोज सकाळी मला उपदेश करते : खोली शांत ठेवा, काळोख ठेवा, वेळेवर झोपा. जणू मी रात्री स्वतःच्याच उशाशी बँजो पार्टी बोलावतो! खिडकीसमोर पुनर्विकासाचा हॅलोजन पहाटेपर्यंत ढणाढणा जळतो. खाली कुणाची तरी हळद असते आणि नवऱ्याआधी डीजेलाच चढलेली असते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत भोंग्यांना सूट देऊ शकतं. आमच्या गल्लीतलं वर्ष त्या १५ दिवसांचंच असावं, कारण ते संपतच नाही.

त्यात मोठ्या माणसांचे सल्ले. नारायण मूर्तींनी २०२३ साली तरुणांना आठवड्याला ७० तास काम सुचवलं. २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. चला, हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. त्यातून ९० गेले, राहिले ७८. अंगठीच्या आज्ञेप्रमाणे रोज आठ तास झोप, म्हणजे ५६ गेले, राहिले २२. डोंबिवलीहून सहा दिवस जाऊन-येऊन तीन-तीन तास, म्हणजे १८ गेले. उरले चार. त्यात सात दिवसांचं जेवण, अंघोळ, संसार आणि अंगठीचं चार्जिंग. तेवढ्यातही कुणी डोळा मिटू नये म्हणून नेटफ्लिक्सच्या रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ सालीच सांगून ठेवलं होतं, आमची स्पर्धा झोपेशी आहे. कोजागरीला लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत यायची आणि जाग्याला काहीतरी देऊन जायची. हल्ली जाग्याकडची लक्ष्मी न्यायला रांग लागते : एक जागं ठेवण्याची वर्गणी घेतो, दुसरा झोप मोजण्याची.

म्हणून ही यंत्रं घडवणाऱ्या अभियंत्यांना माझी नम्र सूचना. तुमचं तंत्रज्ञान उत्तम, पण ते चुकीच्या बोटात बसलंय. फिर्यादीला बेडी आणि आरोपी मोकळा, हा कुठला न्याय? झोप माझी मोडते, मोडणारे दुसरे. अंगठी त्यांना घाला. डीजेवाल्याला घाला, ४५ डेसिबलच्या वर गेला की बोट आवळू दे. रात्री साडेअकराला ‘जागा आहेस का? एक छोटंसं काम होतं’ असा मेसेज टाकणाऱ्या साहेबांना घाला. बिल्डरला दोन्ही हातांत घाला. सकाळी स्कोअर त्यांचा लागू दे : काल रात्री आपण तीनशे बारा माणसं जागी ठेवलीत, कृपया सुधारणा करा.

तोवर माझी अंगठी चार्जरवर ठेवली आहे. जावईबापू येतात त्या दिवशी तेवढी घालतो. आणि वाचकहो, रात्री दहानंतर तुमच्या खिडकीखाली भोंगा सुरू झाला, तर स्कोअर किती घसरला ते बघत बसू नका. फोन हातात असेलच. अ‍ॅप मिटा आणि ११२ लावा.