घडी मोडली

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘फारशी वापरलेली नाही’ या वाक्याला कुणी भीक घालत नाही. शिलाई मशीन असो की चारचाकी, विकणारा ते म्हणतो, घेणारा ऐकल्यासारखं करतो आणि दोघेही किमतीकडे वळतात. घडीच्या सायकलीच्या बाबतीत मात्र ते डोळे मिटून खरं मानावं. कुणीतरी २०२०च्या टाळेबंदीत ती हौसेने घेतलेली असते, चार दिवस सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरवलेली असते आणि त्यानंतर आल्यागेल्याला फक्त घडी करून दाखवलेली असते. त्यामुळे टायरवरच्या रबराच्या मिशा शाबूत आणि बिजागर मात्र सैल, अशी ती विकायला येते.

माझी सायकल कोथरूडच्या एका बाल्कनीतून आली. दाखवण्याआधी तिच्या हँडलवरचा पंचा मालकांना काढावा लागला. गृहस्थ सज्जन. पुन्हा पुन्हा घडी करून दाखवली, उलगडून दाखवली, डिकीत कशी मावते ते हातवारे करून सांगितलं. चालायला कशी आहे, असं विचारलं तेव्हा ते जरा गोंधळले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नसावा.

मेख इथेच आहे. बाकीच्या सायकली माणूस वर बसल्यावर कशा चालतील हे पाहून घडवतात. हिची सगळी आखणी माणूस उतरल्यानंतरची. दुकानातून येते तेव्हा हिला बहुधा धड मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, बास्केट तर नसतेच. का, तर या गोष्टी घडीच्या आड येतात. आणि आपल्याकडे भाजी, दूध, दळण, दप्तर यांतलं काहीच जिच्यावरून आणता येत नाही ती सायकल घरात टिकत नाही. तिच्यावर पंचे वाळतात.

लंडनच्या अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने हे कोडं फार सुरेख सोडवलंय. १९७०च्या दशकात त्याने आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये बसून घडीची सायकल आखली. फ्लॅटमधून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं म्हणून तिचं नाव ब्रॉम्प्टन. तिचं मागचं चाक फ्रेमखाली शिरतं, तेलकट चेन आत दडते आणि कॅरिअरला छोटी चाकं असतात, त्यामुळे घडी केलेली सायकल त्यांच्यावर ढकलत नेता येते. म्हणजे तिथे कॅरिअर घडीच्या मदतीला धावून येतं. तिची आपल्याकडची किंमत ऐकली की माणूस निमूट चालत जातो, हा भाग निराळा.

दुसरं टोक बघायचं तर कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जावं. तिथे बीएसए कंपनीची दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सायकल आहे. मधोमध दुमडायची, सैनिकाबरोबर पॅराशूटने खाली सोडायची. ती अशी बांधत की जमिनीवर आधी हँडल आणि सीट आदळावी, चाकं वाकू नयेत. बसणाऱ्याच्या सोयीची जागा पहिल्यांदा जमिनीवर आपटायची, ही परंपरा घडीच्या सायकलींनी पुढेही निष्ठेने पाळलेली दिसते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे. काका तिथे काळ्या उभ्या सायकली आणि पोरांच्या रंगीत सायकली दुरुस्त करतात. माझी सायकल बघून त्यांनी विचारलं, “मुलाला घेतली का?”

“नाही, मलाच.”

काकांनी एकदा सायकलकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. पत्रिका जुळत नसताना गुरुजी जसे हळूच चष्मा काढतात, तसा त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, “बघू.”

सुरुवात बिजागरापासून केली, आणि कुणीही तिथूनच करावी. फ्रेमच्या मधोमध दोन जाड पाती समोरासमोर येतात, एका बाजूला खीळ, दुसऱ्या बाजूला खटक्याचा दांडा. रॉकेलच्या फडक्याने तिथला कचरा पुसून काढला. पात्यांच्या जोडाजवळ रंगात केसाएवढी जरी चीर दिसली तरी सायकल परत करायची, घासाघीस करत बसायची नाही. चीर नव्हती. मग पुढचा ब्रेक दाबून धरायचा, सायकल मागेपुढे हलवायची आणि जोडावर बोट ठेवायचं. डोळ्यांना न दिसणारी डुगडुग बोटाला कळते. खटक्यापाशी एक बारका नट असतो, तो जरासा फिरवला की दांडा घट्ट बसतो. किती घट्ट? दांडा मिटताना तळहातावर वळ उठला पाहिजे. आधीच्या मालकांचा दांडा करंगळीने मिटत होता, पाहुण्यांसमोर दिमाखात बंद व्हायला हवा ना!

मग टायर. वीस इंची चाक म्हणतात, पण त्यात दोन भाऊबंद आहेत. एकाच्या रिमचा व्यास ४०६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४५१, आणि एकाचं टायर दुसऱ्याला चढत नाही. टायरच्या कडेवर हा आकडा कोरलेला असतो, जुनी सायकल घेताना रंगाआधी तो वाचावा. माझी ४०६ची, म्हणजे पोरांच्या सायकलींच्या मापाची निघाली आणि काकांचा चेहरा खुलला. या मापाची ट्यूब, टायर, मडगार्ड त्यांच्या छताला टांगलेलीच असतात. परदेशी पत्रिकेची सायकल आणि तिचे सुटे भाग तिसरीतल्या पोराच्या सायकलीचे, या योगामुळे माझे पुष्कळ पैसे वाचले. ट्यूब बदलताना व्हॉल्व्हही बदलून घेतला. मूळचा सडपातळ व्हॉल्व्ह पाहून आमच्या भागातले पंक्चरवाले दुःखी व्हायचे. आता मोटरसायकलसारखा आहे, पेट्रोल पंपावरही हवा भरून मिळते.

टायर जाड घेतलं, १.९५ इंची. लहान चाकाचं दुखणं असं की मोठं चाक ज्या खड्ड्यावरून ‘हं’ म्हणून जातं, त्यात लहान चाक उतरून पाहणी करतं. ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये लहान चाकांची सायकल काढली तेव्हा तिला पुढे-मागे रबराचं सस्पेन्शन बसवलं होतं. मिनी या मोटारीचं सस्पेन्शन त्यांचंच, त्यामुळे त्यांना ते सुचणं साहजिक. ती सायकल इंग्लंडच्या रस्त्यांसाठी होती हे लक्षात घेतलं म्हणजे पुण्यात लहान चाकांवर बिनसस्पेन्शनचं फिरणाऱ्यांचं धैर्य कळतं. आमच्याकडे सस्पेन्शन म्हणजे जाड टायर आणि खाली दोन स्प्रिंगा असलेली रुंद सीट. मूळची सीट चाकूच्या पात्यासारखी होती. ती काका ठेवून घेतो म्हणाले. कशाला, हे मी विचारलं नाही.

लहान चाक म्हणजे पाय जास्त मारावे लागत असणार, अशी सगळ्यांची पक्की खात्री असते. सिग्नलला थांबलेले स्कूटरवाले अगदी कळवळून विचारतात. वास्तविक तसं काही नसतं. माझं चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जातं आणि काळ्या सायकलीचं २८ इंची चाक सव्वादोन मीटर, हे खरं. पण ती भरपाई करायला पुढचं चेनव्हील मोठं देतात. माझं ५२ दातांचं होतं. मागे चेन १४ दातांवर असली की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या पुढे जाते. सपाटीवर मजा येते, सेनापती बापट रस्त्याच्या चढावर मात्र आयुष्याचा फेरविचार सुरू होतो. म्हणून ५२चं काढून ४४चं बसवलं आणि चेनच्या काही कड्या कमी केल्या. आता सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात जेमतेम २.४ मीटर सरकते. शेजारून चालणारे आजोबा पुढे निघून जातात, जाऊ देत. मी बसून जातो.

मडगार्ड पावसाच्या पहिल्या सरीलाच बसवलं. बिनमडगार्डची सायकल पाठीवर खालपासून मानेपर्यंत चिखलाची जी रेघ काढते ती धुण्याची जबाबदारी घरात कुणाची, यावर चर्चा होण्याआधी बसवलेलं बरं. पोरांच्या सायकलीचं लाल प्लॅस्टिकचं मडगार्ड चपखल बसलं. त्यावर एका कार्टूनचं चित्र आहे. काका म्हणाले साधं पुढच्या आठवड्यात येईल. ते आलं, पण तोवर मला चित्राची सवय झाली होती.

खरी परीक्षा कॅरिअरची. चाक लहान म्हणून कॅरिअर जमिनीलगत, आणि पायडलपासून मागच्या चाकाचं अंतर कमी. कॅरिअरच्या बाजूला पिशवी अडकवली की प्रत्येक फेऱ्याला टाच तिच्यावर आपटते. पिशवीत मेथी असेल तर निभावतं, टोमॅटो असतील तर घरी पोचेपर्यंत सार तयार. उपाय दोन: पिशवी जितकी मागे नेता येईल तितकी न्यायची, नाहीतर भार पुढे घ्यायचा. काकांनी दोन्ही केले. कॅरिअर लोखंडी पट्ट्या आणि क्लिपा मारून चार बोटं मागे सरकवलं आणि पुढे तारेची बास्केट लावली. बास्केटमध्ये नारळ ठेवला की वळताना हँडल स्वतःची मतं मांडतं, पण दुधाच्या पिशव्या आणि कोथिंबीर नांदतात.

सीटच्या दांड्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. साध्या सायकलीत तो वीतभर असतो, इथे हातभर लांब, आणि घडी करताना पूर्ण खाली जातो. म्हणजे दर वेळी वर काढून पुन्हा तीच उंची शोधायची. बायकोच्या नेलपॉलिशने मी दांड्यावर एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याखाली दुसरी रेघ दिसली, ही तिची. आता आमच्या घरात कोण शेवटचं भाजीला गेलं होतं हे सीटवरून कळतं. दांड्यावर कंपनीनेही एक रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसेल इतका दांडा वर काढायचा नसतो. उंच माणसांनी ती घेण्याआधीच बघून ठेवावी. काका मोठ्या प्रेमाने प्रत्येक गोष्टीला ग्रीस लावतात. तसं त्यांनी दांड्यालाही लावलं आणि नळ स्टॉपला ताठ बसून निघालेला मी डेक्कनला गुडघे छातीशी घेऊन पोचलो. हा दांडा कोरडाच हवा. पुन्हा रॉकेलचं फडकं.

या सगळ्यात स्टँड, घंटी, मागचा लाल दिवा आणि कुलूप ओघाने आलेच. कुलूप जरुरीचंच. बाकीच्या सायकली चोराला चालवत न्याव्या लागतात, ही पिशवीत घालून नेता येते.

आता हिशेब. सायकल बारा-तेरा किलोची होती, ती पंधराच्या वर गेली. खर्च विचारू नका. घरी मी दोन वेगवेगळे आकडे सांगितलेत. घडी अजून होते, पण बास्केटचे दोन स्क्रू काढावे लागतात, कॅरिअर तिरपं राहतं आणि खटका मिटायला एक गुडघा लागतो. पूर्वी घडी केलेली सायकल ब्रीफकेससारखी दिसायची म्हणे, आता संसार बांधून निघाल्यासारखी दिसते. मला याचं फारसं वाईट वाटत नाही. ज्या मेट्रोच्या भरवशावर ही घडी कामाला येईल असं वाटलं होतं, ती पुणे मेट्रो साधी सायकलही डब्यात नेऊ देते. राहता राहिली आमच्या सोसायटीची लिफ्ट. सायकल नेता येणार नाही असा तिथे फलक आहे. मी घडी करून नेतो आणि रखवालदार ‘हे काय आहे’ या विचारात पडतो, तेवढ्यात दार बंद होतं.

परवा सर्व्हिसिंगला नेली तेव्हा काकांनी बराच वेळ बिजागर निरखलं.

“सर, घडी करता का हल्ली?”

“कधीमधी. लिफ्टपुरती.”

“मग हे वेल्डिंग मारून टाकू का? डुगडुगीचा प्रश्नच मिटेल.”

“काका, अ‍ॅल्युमिनियम आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या वेल्डिंगने वितळून जाईल.”

काकांनी नखाने रंग खरवडून खात्री करून घेतली. “मग दोन क्लिपा आवळतो. कॅरिअरला मारल्यात तशाच, जाड.” आणि ते वाकून डब्यात क्लिपा शोधायला लागले.

मी घाईघाईने बास्केट उतरवली, सीट खाली केली, गुडघा लावून खटका काढला आणि भर दुकानात, मडगार्डावरच्या कार्टूनसकट, सायकलची घडी करून टाकली.

काका हातात क्लिपा घेऊन वर बघत म्हणाले, “अरे, होते की अजून!”