कूलर कोणाला देता?

नागपूर सोडायचं तर ऐन उन्हाळ्यात सोडावं, म्हणजे मागे वळून बघावंसं वाटत नाही, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. मुलाकडे ठाण्याला कायमचं जायचंय. ट्रक मृगाच्या आत येणार आहे. आणि मी महाल भागातल्या आमच्या गल्लीत बसून नवतपा पुरवून पुरवून संपवतोय.

सूर्य रोहिणीत शिरला की पहिले नऊ दिवस, साधारण 25 मेपासून, म्हणजे नवतपा. हे दिवस कडक तापले तर पाऊस चांगला, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे उकाड्याची तक्रार करणारा फितूर ठरतो. 23 मे 2013ला पारा 47.9वर गेला होता. हा आकडा आम्ही पाहुण्यांना मुलाच्या दहावीच्या टक्क्यांसारखा सांगतो. 2024च्या 30 मेला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते. पण सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने जाहीर केलं आणि आमचे टक्के एकदम कापले गेले. समोरच्या भाऊंना हे अजून मान्य नाही. "मशीन बरोबरच होती न बाप्पा! मुंबईवाल्यांच्या पोटात दुखलं."

ठाण्याच्या घरात एसी आहे. मुलगा हे इतक्या वेळा सांगतो की मला त्या यंत्राची धास्तीच बसली आहे. एसी लावला की दार लोटा, खिडकी लावा, फट बुजवा. कूलरचं सगळं उलटं. तो बाहेरची कोरडी हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवा गार होते. पण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. म्हणून समोरची खिडकी उघडी हवीच. शिवाय कूलरची घरघर अशी की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. उघड्या खिडक्या आणि ओरडून बोलणारी माणसं, त्यामुळे एप्रिल ते जून आमच्या गल्लीत कोणाचंही काहीही लपून राहत नाही. मागे भाऊंकडे भाचीच्या लग्नाच्या जेवणाचा बेत ठरत होता. आमच्या हिने स्वयंपाकघरातूनच "भरली वांगी ठेवा!" म्हणून सांगितलं. ठेवली. वर "तिखट किती?" असा उलट प्रश्नही आला.

रात्री सगळे गच्चीवर. संध्याकाळीच पाणी शिंपडायचं, आधी उठणारी गरम वाफ निघून जाऊ द्यायची, मग गाद्या. गांधीसागर तलावाकडून झुळूक येते अशी आमची श्रद्धा आहे. ती येते पहाटे, आणि नेमकी तेव्हाच माशाही येतात.

आम्ही जाणार हे कळल्यावर गल्ली दोन दिवस हळहळली. तिसऱ्या दिवशी विषय निघाला, "कूलर कोणाला देता?" ठाण्याच्या दमट हवेत कूलर फक्त चिकचिक वाढवतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमचा कूलर जुना, लोखंडी, उचलायला दोन माणसं लागतात, पण गारवा असा की दुपारी पांघरूण घ्यावं. शेजारच्या वहिनी रोज पन्हं घेऊन येतात. पन्ह्याचा पेला माझ्या हातात, नजर पंपावर. भाऊ येता-जाता टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकतात. वरच्या मजल्यावरच्या आजींचा दावा सर्वांत जुना: या कूलरला पहिला रंग त्यांच्या यजमानांनी दिला होता. तेव्हा पैसे घेतले होते, हे मी बोललो नाही. खिडकी उघडी होती.

काल हिने निकाल दिला. कूलर ठाण्याला जाणार.

"अगं, तिकडे तो चालणार नाही."

"चालवायचाय कोणाला? खिडकीत नुसता बसवू. मग ती लावताच येणार नाही कोणाला!"

मुलाला हे अजून कळवलेलं नाही. पण समोरून भाऊंनी ओरडून विचारलं, "मग स्टँड तरी ठेवता का?"