एकटक्के साहेब

प्रत्येक मोठ्या सोसायटीत हल्ली एक एकटक्के साहेब असतात. आमचे पुण्याचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, हुद्दा एका दमात न सांगता येण्याइतका लांब आणि गुडघ्याला निळी पट्टी. फिनिशर टी-शर्ट सोडून सदरा घातला, तर वॉचमन त्यांना गेटवर अडवून नाव विचारतो. ब्रीद एकच : रोज एक टक्का सुधारणा.

या पंथाची दैवतं ठरलेली आहेत. मासाआकी इमाईंचं १९८६ चं ‘कायझेन’ (म्हणजे सतत सुधारणा) हे पुस्तक कपाटात, टोयोटा तोंडात आणि डेव्ह ब्रेल्सफर्ड हृदयात. ब्रेल्सफर्डने ब्रिटनच्या सायकलपटूंना हात नीट धुवायला शिकवलं, मुक्कामाला स्वतःची उशी न्यायला लावली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांनी ८ सुवर्णपदकं आणली, हे साहेब सत्यनारायणाच्या कथेसारखं सांगतात. मध्येच उठून गेलं तर तुमचं जहाज बुडणार. तेव्हापासून साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला जाताना डिकीत त्यांची उशी असते. शर्यतीतला यवतेश्वरचा घाट उशीला भीक घालत नाही. तिथे साहेब दरवर्षी चालतात. फक्त त्या चालण्याला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात.

रोज एक टक्का म्हणजे चक्रवाढीने वर्षाअखेर जवळजवळ ३८ पट, हे गणित त्यांनी लिफ्टमध्येसुद्धा ऐकवलं आहे. तळमजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी ते लग्नपत्रिकेच्या पाकिटावर करून पाहिलं. साहेबांचा अर्धमॅरेथॉनचा वेळ २ तास २० मिनिटं. या दराने पुढच्या वर्षी २१ किलोमीटर चार मिनिटांच्या आत! “मग हिंजवडीला गाडी कशाला नेता?” त्यांनी विचारलं. साहेबांनी ‘फीडबॅक’ नोंदवून घेतला.

साहेब दात एका पायावर उभं राहून घासतात, तोल सुधारतो म्हणून. मीटिंगमध्ये टेबलाखाली पोटऱ्यांचा व्यायाम चालू असतो. सहज बोलता येईल इतक्याच वेगाने पळावं, असं प्रशिक्षक सांगतात. साहेबांनी त्यात क्लायंटचे कॉल बसवले. तळजाईचा चढ लागला, की पलीकडच्या माणसाला वाटतं, प्रोजेक्टची धाप यालाच लागली आहे. तो बिचारा मुदत वाढवून देतो. कायझेनचा आजवर हाती लागलेला हा एकमेव रोख फायदा.

घरात एक्सेलची शीट आहे. तिच्यात नाडी, पावलं, पाणी, ईमेलला उत्तर द्यायला लागलेली मिनिटं, सगळं आहे. शीट भरायला रात्री पाऊण तास लागतो, तो मात्र कुठल्याच रकान्यात नाही.

एकदा त्यांनी मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. पोळपाट डावीकडे सरकवला तर पोळीमागे दोन सेकंद वाचतील, असं पोळ्यांच्या मावशींना स्टॉपवॉच दाखवून सांगितलं. मावशींनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी लाटणं त्यांच्या हातात दिलं. “दादा, तुम्ही लाटा. घड्याळ मी धरते.”

मावशींनी इमाई वाचलेले नाहीत, पण टोयोटा त्यांनाच जास्त कळली आहे. तिथे सुधारणा सुचवायची ती प्रत्यक्ष काम करणाऱ्याने. दोष दिसला तर लाइनवरचा साधा कामगारही दोरी ओढू शकतो आणि वेळ पडली तर सगळी लाइन थांबते. एकटक्के पंथाने यातली सुधारणा तेवढी उचलली, दोरी कारखान्यातच राहिली.

शेवटी ती दोरी साहेबांच्या पोटरीने ओढली. मुंबई मॅरेथॉन तोंडावर असताना पोटरी अशी धरली, की फिजिओने तीन आठवडे पळणं बंद केलं. “फक्त विश्रांती घ्या.” साहेब दोन दिवस सुन्न होते. तिसऱ्या दिवशी शीटमध्ये नवा रकाना आला : झोप. काल ६ तास ४० मिनिटं, आज ६ तास ४४. बरोब्बर एक टक्का! तेवढी झाली का, हे बघायला ते पहाटे तीनदा उठत होते.

चौथ्या रात्री वहिनींनी झोप मोजणाऱ्या घड्याळाचा चार्जर माहेरी पाठवून दिला. म्हणाल्या, “अहो, या घरात मीही लाइनवरच काम करते.”