पंच्याऐंशीचं ॲव्हरेज काढणाऱ्या नानांना अनावृत पत्र

ती. स्व. नाना यांना,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा फोन लागत नाही. बॅटरी चार टक्क्यांवर आली की तुम्ही तो बंद करून खिशात ठेवता, 'अडीनडीला असावा' म्हणून. आणि अडलं-नडलं की तो बंदच असतो. घरी येऊन बोलावं, तर काकू लगेच चहा टाकतात. त्यांच्या हातचा चहा पिता पिता तुमच्या गाडीच्या ॲव्हरेजवर शंका घेणं मला आजवर जमलेलं नाही. म्हणून हे अनावृत पत्र. चार लोक वाचतील, त्यातला एखादा तुमच्या कानावर घालेलच. जळगावात एवढी सोय अजून आहे.

विषय तुमच्या लक्षात आला असेलच. मे महिना, धुळ्याचं लग्न, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि तुम्ही नवरीचे सख्खे मामा.

सकाळी साडेनऊला तुम्ही स्प्लेंडर अंगणात काढली, हँडल धरून ती दोनदा इकडून तिकडे हलवली आणि डोळे मिटून टाकीला कान लावला. आमचे वैद्यबुवासुद्धा नाडी इतक्या श्रद्धेनं बघत नसत. डोळे उघडून तुम्ही निदान सांगितलं, "सव्वा लिटर आहे." मी म्हटलं, नाना, आकाशवाणी चौकातून निघताना टाकून घेऊ. त्यावर तुम्ही मला गणित घातलं : जळगाव ते धुळे ९५ किलोमीटर, गाडी देते ८५, सव्वा लिटरला झाले १०६, म्हणजे पोहोचून वर ११ किलोमीटर शिल्लक. शेवटी तुमचं ते ठेवणीतलं अहिराणी वाक्य, "पोची जासूत!"

आणि मी मागे बसलो. माझी चूक इथे झाली, हे मी लेखी मान्य करतो.

बांभोरीच्या पुलाकडे उतार लागताच तुम्ही इंजिन बंद केलं. गिरणेपर्यंत आपण दोघं विमानासारखे तरंगत गेलो, मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून आपलं कौतुक करत होते. पाळधीला पंप दिसला. तुम्ही म्हणालात, इथलं माप बरोबर नाही. एरंडोलला दिसला, तिथे रांग होती. दोन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर यांना तुम्ही रांग म्हणता. पारोळ्याला मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून नुसता दाबला. तुम्ही म्हणालात, "धुळ्यात आपला पंप आहे." नोकरीची बावीस वर्षं तुम्ही ज्या पंपावर पेट्रोल टाकलं, तिथला माणूस नळी काढण्याआधी दोनदा झटकतो, ते चार थेंब इतर कुठे मिळत नाहीत. त्या चार थेंबांसाठी आपण पारोळा सोडलं.

मुकटी मागे पडलं आणि गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. रीडिंग बघितलं, निघाल्यापासून बरोबर ७५ किलोमीटर झाले होते. मी ओरडलो, "नाना, रिझर्व्हला लावा!"

तुम्ही मागे वळून शांतपणे म्हणालात, "लावलेलंच आहे. कायमच असतं."

नाना, तेव्हा ऊन डोक्यावर होतं म्हणून बोललो नाही. आता बोलतो. टाकीच्या आत पेट्रोल सोडणाऱ्या कॉकच्या दोन वाटा असतात. एक नळी उंच असते, दुसरं तोंड तळाशी. कॉक 'ऑन'वर असताना पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी आचके देते. तो आचका म्हणजे निरोप असतो, की बाबा रे, आता तळातलं वापर आणि पंप बघ. तुम्ही कॉक पहिल्या दिवसापासून तळाला लावून ठेवला. निरोप्यालाच घरी बसवलं आणि वर म्हणता, आम्हाला कुणी कळवलं नाही! घरखर्चात तुम्ही असं करता का? काकूंचा डब्यातला पैसा तुम्हाला तीस वर्षांत सापडलेला नाही, म्हणून घर चाललंय.

पुढचा प्रकार वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नानांनी गाडी डाव्या अंगावर जवळजवळ झोपवली. हे मात्र शास्त्राला धरून होतं : चेसिसची नळी मधून जात असल्यानं टाकी खालून खोगिरासारखी असते, उजव्या पोटात अडकलेलं पेट्रोल कलतं केल्याशिवाय कॉककडे येत नाही. त्या दोन घोटांवर आपण अर्धा किलोमीटर गेलो. मग झाकण उघडून आत फुंकर मारण्यात आली. मग मोबाईलच्या उजेडात तळ बघायचं ठरलं. तुमचा मोबाईल बंद होता. मग आपण गाडी ढकलली. खानदेशातला मे, पश्चिमेचा तापलेला वारा समोरून, आतापर्यंत दोघांच्या मध्ये ठेवलेलं आणि आता सीटवर बांधलेलं वीस किलो गव्हाचं पोतं, हँडलला केळीच्या दोन फण्या. त्याच वेळी तिकडे मंडपात माइकवरून पुकारा सुरू होता, की नवरीचे मामा असतील तिथून स्टेजकडे यावेत. ही गोष्ट मला नंतर कळली. मामा तेव्हा अजंगच्या अलीकडे लिंबाखाली बसून केळं खात होते.

शेवटी तो पोरगा देवासारखा आला. "काय व्हयनं बाबा, पेट्रोल सरनं का?" एवढंच विचारलं, आणि आपल्या गाडीवरून आमच्या फूटरेस्टला पाय लावून त्यानं आम्हाला फागण्याच्या दिशेनं पंपापर्यंत रेटत नेलं. त्यानं पैसे घेतले नाहीत. त्याचे आभार मानायचे सोडून तुम्ही विचारलं, "तुझी किती देते रे?" तो म्हणाला, "माहीत नाही बाबा, कधी मोजलं नाही." तिथून धुळ्यापर्यंत तुम्ही त्याच्याबद्दल हळहळत होतात. "शिकलेली दिसतात पोरं, पण..." असं काहीतरी.

पंपावर तुम्ही टाकलं किती? एकशे दहाचं. शंभराचं टाकलं तर मशीनमध्ये फसवणूक सेट केलेली असते, एकशे दहाची सेटिंग त्यांना सुचत नाही, हा तुमचा सिद्धांत. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर असतं, शंका आली तर ते मागता येतं. पण मापात पेट्रोल बरोबर निघालं तर सिद्धांत बुडेल, म्हणून तुम्ही ते कधी मागितलं नाहीत. हा धूर्तपणा मला आवडतो.

आता मूळ मुद्दा : ८५. हा आकडा आला कुठून? मी चौकशी केली. २००९ च्या दिवाळीनंतर तुम्ही एकदा भुसावळहून रात्री आलात. थंडी होती, रस्ता दुपदरी होता, पुढे कापसाचा ट्रक ताशी चाळीसनं चालला होता आणि ओव्हरटेक करायची तुमची छाती झाली नाही. ट्रकच्या आडोशाला, एकट्यानं, एकाच गिअरमध्ये, चाळीसच्या वेगानं शंभर सीसीची कुठलीही धडधाकट गाडी चमत्कार करते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो; वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. ट्रकनं तो तुमच्यासाठी फोडला होता. ते ८५ निम्मं त्या ट्रकड्रायव्हरचं आहे, नाना. आता तरसोद-फागणे चौपदरी रस्ता मिळाल्यापासून तुम्ही सत्तरनं हाकता, समोर वारा, मागे मी, मध्ये गहू, आणि आकडा मात्र २००९ चाच. लग्नासाठी पत्रिकेत लोक जन्मतारीख बदलतात, तुम्ही ॲव्हरेज गोठवलंत.

कंपनीचाही दाखला देऊ नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीची परीक्षा रोलरवर होते. तुमच्या गाडीच्या काळातल्या त्या परीक्षेत वेग ताशी ४२ च्या वर जातच नव्हता. रोलरवर वारा नाही, पारोळ्याचा चढ नाही, टायरमध्ये दीड महिन्यापूर्वीची हवा नाही. आणि रोलरला लग्नाला जायचं नसतं.

अलीकडे तुम्हाला नवा आधार मिळालाय : इथेनॉल. "ई-ट्वेंटीनं वाट लावली" असं तुम्ही ओट्यावर सांगता. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता साधारण एक तृतीयांशानं कमी, हे खरं. ॲव्हरेज घटतं, हेही खरं. जुन्या गाडीवाल्यांचा राग खोटा नाही. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. तुमच्या ८५ मधून तेवढी वजा केली तरी ८२ राहतात. ८२ नं सव्वा लिटरला १०२ किलोमीटर होतात, म्हणजे मंडपात पोहोचून वर सात उरायला हवे होते. आपण अजंगच्या अलीकडे केळी खात होतो. इथेनॉलनं एवढं केळं खाल्लं असेल असं मला वाटत नाही.

आणि टाकी फुल न करण्याचं तुमचं कारण! "भरलेली टाकी जड होते, ॲव्हरेज पडतं." पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलो. दहा लिटर म्हणजे साडेसात किलो. तुम्ही वीस किलो गहू घेऊन हे सांगत होतात.

१९८५ साली सीडी १०० आली तेव्हा हिरो होंडानं जाहिरात केली होती : 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. तुम्ही त्यातलं पहिलं सोडून उरलेली दोन्ही व्रतं निष्ठेनं पाळलीत.

मला एवढंच कळत नाही, की न भरल्यानं वाचतं काय? पेट्रोल टाकीत असलं काय आणि पंपाच्या हौदात असलं काय, गाडी जेवढं खायचं तेवढंच खाते. सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या पंपावर उभं राहून बघा. दालमिलला, चटईच्या कारखान्यात जाणारी माणसं 'पन्नासचं टाक' म्हणतात. त्यांना मी हसणार नाही. त्यांचा खिसा रोज संध्याकाळी भरतो आणि सकाळी रिकामा होतो, टाकीही त्याच हिशेबानं चालते. शंभरीच्या वर गेलेलं पेट्रोल त्यांना घोटाघोटानंच परवडतं. तुमचं पेन्शन एक तारखेला जमा होतं, नाना. तुम्ही त्यांच्यासारखं घोटाघोटानं 'एकशे दहाचं' म्हणता तेव्हा मला बरं वाटत नाही.

२ जानेवारी २०२४ आठवतो का? ट्रकचालकांचा संप. आपलं पेट्रोल मुंबईहून नळीतून मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि तिथून टँकरनं खानदेशात. पानेवाडीचे टँकर थांबले आणि राज्यभर पंपांवर जत्रा भरली. तुम्हीही गेलात. दोन तास रांगेत उभे राहिलात. मागचे लोक कॅन घेऊन आले होते, भांडणं चालली होती. तुमचा नंबर आला. पंपवाल्यानं विचारलं, "फुल?" तुम्ही म्हणालात, "एकशे दहाचं." मला सांगतात, की मागची रांग क्षणभर गप्प झाली होती.

आता धाकट्या पुतण्याला नवी गाडी घेऊन दिलीत, तर तिलाही तुमचे संस्कार लावू नका. बीएस-सहापासून बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आलं, कॉक गेला. तिचा पेट्रोलपंप टाकीतच, पेट्रोलात बुडलेला असतो आणि त्या पेट्रोलानंच थंड राहतो. सारखी कोरडी चालवली तर तो तापून मरतो, आणि त्याची किंमत ऐकल्यावर तुम्हीही. दिवा लुकलुकतो तेव्हा पोरगं म्हणतं, "नाना म्हणतात अजून चाळीस जाते." कुठलं चाळीस?

असो. मुहूर्ताला तुमच्या जागी चुलतमामा उभे राहिले. नवरीनं मनाला लावून घेतलेलं नाही. ती तुमचीच भाची, तिला सवय आहे. आपण पोहोचलो तेव्हा तिसरी पंगत बसत होती आणि व्याह्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मामा, गाडीवर आले? किती देते?" तुम्ही घाम पुसत, उभ्या उभ्या, डोळ्याचं पातं न लवता म्हणालात, "पंच्याऐंशी."

तिथे तुम्ही चार दिवस राहिलात, गाडी मला परत आणायला सांगितली. आणताना मी एक गुन्हा केला. धुळ्यात तुमच्याच त्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, रीडिंग लिहून घेतलं, एकटा, पन्नासच्या वेगानं जळगावला आलो आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरली. टाकी टू टाकी. आकडा निघाला आहे. बरा आहे, गाडीची त्यात काही चूक नाही.

हे पत्र अनावृत असल्यानं तो इथे लिहीत नाही. तुम्ही सव्वा लिटर म्हणाला होतात आणि गाडी ७५ वर थांबली होती, त्याचाही भागाकार वाचकांनी कृपया करू नये. माझा आकडा बंद पाकिटात काकूंकडे दिला आहे, डब्याशेजारी ठेवा म्हटलंय. कॉक 'ऑन'वर आला की पाकीट न उघडता चुलीत घालायला त्या तयार आहेत.

आपला पुतण्या,
मागच्या सीटवरून

ता. क. परवा तुमचा मिस्ड कॉल आला होता. मी लगेच उलट फोन केला, तेवढ्यात बंद झाला.