गाडी कन्फर्म, माणूस वेटिंग

गणपती जवळ आले की कोकणात पाऊस पडतो आणि मुंबईत वेटिंग लिस्ट. पूर्वी तिकिटासाठी 120 दिवस आधी निराश व्हावं लागायचं. रेल्वेला दया आली आणि 2024च्या नोव्हेंबरपासून 60 दिवस आधी निराश होण्याची सोय झाली. सकाळी आठला खिडकी उघडते, आठ वाजून दोन मिनिटांनी कोकणकन्येच्या नावापुढे ‘रिग्रेट’ हा शब्द येतो आणि चाकरमानी दिवसभर ऑफिसात कुणाशी नीट बोलत नाही.

2025च्या गणपतीत मात्र कोकण रेल्वेनं एक नामी उपाय काढला. माणसांना जागा नाही ना? मग गाडीला घ्या. कोलाड ते वेर्णा, मोटारी वाहून नेणारी रो-रो. वीस वाघिणी, प्रत्येकीवर दोन, अशा एका फेरीत चाळीस मोटारी. संध्याकाळी पाचला कोलाडहून निघायचं, पहाटे पाचला गोव्यात. मोटारीचं भाडं 7,875 रुपये. तिच्यासोबत जास्तीत जास्त तिघांना, म्हणजे तिच्या नातेवाईकांना, त्याच गाडीला जोडलेल्या डब्यात बसण्याची परवानगी. थ्री एसीत 935 रुपये, साध्या बाकड्यावर 190.

नीट वाचा. गणपतीच्या आठवड्यात कोकणात जायला कन्फर्म जागा मिळवण्याचा राजमार्ग कुठला, तर आपल्या मोटारीचा सोबती म्हणून जायचं. एजंटाच्या मागे फिरणारी माणसं उगाच फिरली. त्यांनी शोरूमकडे जायला हवं होतं.

डोंबिवलीचा माझा पुतण्या हिशेबात पक्का. त्यानं फोन केला, ‘काका, औंदा गाडी रेल्वेन हाडतंय.’ तेव्हा मालवणकडच्या आमच्या वाडीतले दोघे-तिघे माझ्या पडवीत चहा पीत बसले होते. फोन स्पीकरवर. त्यातल्या म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवून विचारलं, ‘बंद पडली काय रे?’

‘नाय, नवीन आसा. चालू आसा.’

‘चालू आसा तर मगे आगीनगाडयेर कित्याक घातलंस? चलता ती चलवची, बंद पडली तर उचलूची.’

कट्ट्याच्या तिठ्यापर्यंत ही बातमी ‘पुतण्याची गाडी टोचन करून येतहा’ अशी पोचली. गावात मोटार नेण्याचं मूळ कारण लक्षात घेतलं तर हा घाव मोठा आहे. ती काही प्रवासासाठी नेत नाहीत. ती खळ्यात उभी करण्यासाठी नेतात.

पुढचा प्रश्न घरातला. मोटारीत बसतात पाच, रो-रोत चालतात तीन. पुतण्याच्या घरात माणसं चार. आता चौथा कोण? बायकोला सोडावं तर मोदक कोण वळणार? आईला सोडावं तर गणपती आईचा. मुलाला सोडावं तर तो खुशाल राहायला तयार, हेच संशयास्पद. शेवटी असं ठरत आलं की ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यानंच एस.टी.नं यावं. म्हणजे मोटार वातानुकूलित डब्याच्या शेजारून ऐटीत येणार आणि तिचा मालक परळ-मालवणच्या शेवटच्या सीटवर.

आणि गाडीला बसवायचं कुठून? कोलाडहून. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते, कोलाड पुढचंच स्टेशन, मालट्रक चढवायचा धक्का तिथं आधीपासून. रेल्वेच्या बाजूनं हे सरळ आहे. मुंबईकराच्या बाजूनं पाहा. महामार्गाचा पनवेल-इंदापूर हा 84 किलोमीटरचा तुकडा रुंद करायला 2011मध्ये घेतला. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर कॉलेजात पोचलं, तरी तुकडा आपला ‘प्रगतिपथावर’. पेण, वडखळ, नागोठणं, कोलाड, सगळं त्यातच. म्हणजे पाठीचे मणके मोजत हा सगळा खड्ड्यांचा नैवेद्य खाऊन झाल्यावर रेल्वे म्हणणार, या, दमलात, आता आम्ही नेतो. नदी पोहून पार केल्यावर होडीवाल्यानं हाक मारावी तसं.

बरं, नेणार कुठं? वेर्ण्याला. मधे वैभववाडी येते, कणकवली येते, कुडाळ, सावंतवाडी येते. अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा मध्यरात्री खिडकीतून जातो आणि आपली मोटार मागच्या वाघिणीवर हॅंडब्रेक ओढून, चाकं जखडून बसलेली. पहाटे गोव्यात उतरायचं आणि शंभरावर किलोमीटर उलटं मालवणला यायचं. गणपतीचं सामान घेऊन पहाटे हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर गोव्याकडून येणारी मोटार! डिकीत फक्त दूर्वा, फुलं आणि कापूर आहे हे पोलिसाला पटवून द्यायचं. पटवून पाहा.

मग ओरड झाली आणि नांदगावला थांबा मिळाला. कोलाड ते नांदगाव 5,460 रुपये. तिथून कणकवली, कसाल, कट्टा करत मालवण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तेवढी मोटारीनं स्वतः चालायची तसदी घ्यावी. पुतण्यानं कागद काढला. डोंबिवलीहून आख्खा रस्ता मोटारीनं आलं तर पेट्रोल साधारण साडेतीन हजारांचं, आणि त्यात चौथा माणूस फुकट.

परदेशात हे चालतं, असं म्हणणारे भेटतात. चालतं खरं. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनहून फ्लोरिडातल्या सॅनफर्डला 1971पासून अशी गाडी जाते. मधे खाजगी कंपनी बुडाली, 1983मध्ये सरकारी अ‍ॅमट्रॅकनं ती पुन्हा उभी केली. तेराशे-चौदाशे किलोमीटर, एक रात्र, मधे प्रवाशांसाठी कुठं न थांबता. पण तिथं रस्ता चांगला असून माणसं कंटाळ्यानं गाडीत बसतात. आपल्याकडे कंटाळा येण्याइतका सलग रस्ता मिळाला तर पेढे वाटू.

ट्रकांची रो-रो मात्र आमची जुनी ओळखीची. 26 जानेवारी 1999 पासून चालू आहे. कणकवली स्टेशनात बाजूच्या रुळावर ती कितीदा उभी पाहिलीय. वाघिणीवर ट्रक, ट्रकाच्या आरशाला वाळत घातलेला टॉवेल, पायरीवर बसून लुंगीतला ड्रायव्हर दात घासतोय आणि समोरच्या फलाटावरच्या आमच्याकडे असा बघतोय जणू उशीर आम्हालाच झालाय. त्याला घाट चढायचा नाही, डिझेल जाळायचं नाही, मालकाला जाब द्यायचा नाही. त्याला पोचायचीही घाई नाही, हे महत्त्वाचं. कारण कोकण रेल्वे वीर स्टेशनच्या पुढे बहुतेक एकेरी. समोरून कुणीही आलं की रो-रोनं बाजूला व्हायचं. मांडवी जाऊ दे, जनशताब्दी जाऊ दे, गणपती स्पेशल जाऊ दे. हायवेवर एस.टी.ला साइड न देणाऱ्या मोटारी निवसर स्टेशनात बाजूच्या रुळावर अर्धा अर्धा तास हात बांधून उभ्या, हे दृश्य पाहायला मी 935 रुपये दिले असते.

फरक एवढाच की ट्रकवाला आपल्या केबिनमध्ये झोपतो. मोटारवाल्याला मोटारीत बसायची बंदी. त्यामुळे रात्रभर तो दर स्टेशनाला दाराशी येऊन मागे वाकून बघणार, गाडी आहे ना. लेक पहिल्यांदा परीक्षेला बसली तेव्हाही इतका जागला नसेल.

पहिल्या फेरीला चाळीसच्या जागी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मोटारी आल्या. रिकाम्या वाघिणी पावसात न्हाऊन निघाल्या. त्याच आठवड्यात दिव्याहून सुटणाऱ्या पॅसेंजरच्या संडासात चार-चार माणसं उभी होती. त्यातल्या एकाकडेही मोटार नव्हती, ही त्यांची चूक.

पुतण्या शेवटी रस्त्यानंच आला. चौघंही. दुपारी निघालेला, दुसऱ्या दिवशी उजाडता पोचला. खळ्यात गाडी घातली, चिखलानं नंबर दिसत नव्हता. उतरून त्यानं कंबर सरळ केली, कपाळाचा घाम पुसला आणि माडाच्या सावलीत गाडी नीट लावली.

पडवीतून म्हातारा ओरडला, ‘अरे, थंय नको! नारळ पडतलो!’